रेस दिली की गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला पळायच्या आधी हे वाचा

मी सातारचा, गोडोलीत राहतो. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली, पुढच्या चाकांवर चालणारी, टर्बोवाली, टॉर्क (म्हणजे चाक फिरवणारा जोर) तीनशे न्यूटन मीटरच्या वर. गाडी झकास. फक्त पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो, पुढे कांद्याचा ट्रक रांगतोय म्हणून सेकंड टाकून दाबली, टर्बो लागला आणि स्टिअरिंगने असा हिसका मारला की गाडी उजवीकडे डिव्हायडरच्या दिशेने निघाली. पाय उचलला तर परत डावीकडे. बायको म्हणाली, अहो, झोप लागली का? झोप कसली, घाम फुटला होता.

त्यानंतर सहा महिन्यांत मी तीन वेळा अलाइनमेंट केलं, पुढचे दोन टायर नवे टाकले, एका ठिकाणी "स्टिअरिंग रॅकच बदला" असं सांगून मोठा आकडा लिहून दिला तेवढा मात्र सुदैवाने दिला नाही. शेवटी कोरेगाव रोडच्या एका जुन्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत दोष दाखवला. काय केलं तर गाडी हँडब्रेकवर उभी करून तिला जोर लावायला लावला आणि चाकाकडे बघत बसले. मी म्हटलं, मामा, लिफ्टवर घेऊन बघा की. तर म्हणाले, "आवो उभ्या गाडीत काय दिसणार? जोरात ओढती म्हंता न्हवं, मग जोर लावल्यावरच बघाय पायजे."

सगळी गोम तिथंच आहे. गाडी फक्त रेस दिल्यावर ओढत असेल तर कुठलातरी भाग जोर आल्यावर हलतोय, आणि अलाइनमेंटचं मशीन मोजतं ती गाडी थंडपणे उभी असताना. म्हणून प्रिंटवर सगळं हिरवं आणि रस्त्यावर गाडी तशीच. मी जे उलट्या क्रमाने केलं ते तुम्ही सरळ क्रमाने करा.

काय काय लागेल

- हवेचं स्वतःचं मीटर (पंपावरच्या मीटरवर जाऊ नका)
- खडू, टॉर्च, मोबाइल
- जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालायचं नाही, एकदाही नाही
- लाकडाचे दोन ठोकळे, चाकाला लावायला
- लांब टॉमी (रेटायला लोखंडी पहार)
- एक मदतनीस ज्याला क्लच नीट सोडता येतो. हे मजेत सांगत नाहीये, पुढे कळेल
- वही
- आरसी, विमा, पीयूसी, कारण टेस्ट रस्त्यावर होणार आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असेल तरी चालतं
- याआधीच्या अलाइनमेंटच्या प्रिंट आणि सर्व्हिसची बिलं. गाडी सेकंडहँड असेल तर आधी पुढून कुठं ठोकली होती का हे जुन्या मालकाला विचारा, सरळ विचारलं तर बहुतेक लोक सांगतात

१. आधी टायर, कारण फुकटात होतं

सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना हवा चेक करा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावरचा घ्यायचा. आपल्याकडे पंक्चरवाले आणि पंपावरची पोरं सवयीने "चाळीस मारू का, गाडी हलकी पळती" म्हणतात आणि आपण मान डोलावतो, तर तसं नको. डाव्या-उजव्यात तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी ताकदवान गाडी जाणवण्याइतकी ओढू शकते.

मग पुढच्या दोन टायरांकडे बघा. कंपनी एक, पॅटर्न एक, झीज सारखी असायला हवी. एक पंक्चर होऊन फाटला म्हणून एकच नवा टाकलाय आणि तो पुढे बसवलाय, हे मी सर्रास बघतो. नक्षीच्या खाचेत छोटी उंचवट्याची पट्टी असते, नक्षी तिच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली, तिथं कायद्यानेच टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एक टायर १९ चा आणि दुसरा २४ चा, तर रबराची पकडच वेगळी.

आता अदलाबदल. पुढचा डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, आणि परत चालवून बघा. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये. दिसायला टायर एकदम नवा असला तरी हे होतं, कारण आतले पट्टे बसवताना किंचित सरकलेले असतात आणि टायर गोल चालायच्या ऐवजी शंकूसारखा चालतो. आइस्क्रीमचा कोन टेबलावर लोळवून बघा, सरळ जातच नाही, वळत जातो, तसंच. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं करू नका, त्याच बाजूचा मागचा-पुढचा करा.

अजून एक, याच्यावर लोक माझ्यावर चिडतात. रुंद टायर आणि बाहेर आलेले अलॉय. चाक बाहेर आलं की चाक जिथं जमिनीला टेकतं ती जागा आणि स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा यातलं अंतर बदलतं, आणि बहुतेक वेळा रेस दिल्यावर स्टिअरिंगला बसणारा हिसका वाढतो. स्पेसर टाकले असतील तर तेच. मित्राकडून कंपनीची चाकं एका रविवारपुरती मागून आणा, लावा, फिरवा. अर्धे प्रश्न तिथंच सुटतात.

२. रस्ता निवडून टेस्ट

घाटात नाही, हायवेला नाही आणि रात्री तर नाहीच. मी खंबाटकीत शिकलो, तुम्ही नका शिकू. यवतेश्वरच्या घाटात तर मुळीच नको, तिथं कासला जाणारे पर्यटक मधेच थांबून फोटो काढतात. एमआयडीसीतला रुंद सरळ रस्ता, सुट्टीच्या दिवशी सकाळी, ट्रक आणि कुत्री दोन्ही नसताना.

रस्ता स्वच्छ पाहिजे. ऊसाच्या हंगामात शेंद्र्याकडं किंवा कुठल्याही कारखान्याच्या वाटेला रस्त्याची एक बाजू ट्रॉलीतून पडलेल्या चिखलाने आणि पाचटाने भरलेली असते. तिथं दाबली की एक चाक घसरणार, ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावणार आणि तुम्हाला वाटणार गाडी ओढतेय. तो दोष रस्त्याचा. तसंच पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आपण डावीकडून चालतो म्हणून हात सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे जाणं हे नॉर्मल आहे. हायवेच्या डाव्या लेनला अवजड ट्रकांनी जे दोन चर पाडलेत त्यात रुंद टायर तर रुळात शिरल्यासारखा भटकतो, तेही विचारात घेऊ नका.

टेस्ट अशी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पण पकड ढिली. अंगठे आतल्या आऱ्यांत अडकवायचे नाहीत, हिसका बसला तर दुखतात. सेकंडमध्ये ३० च्या स्पीडला स्थिर चालवा, मग साठपर्यंत पूर्ण दाबा, मग पाय एकदम काढा, मग मागे कोणी नसेल तर मध्यम ब्रेक. चारही वेळेला कुठं ओढली ते मदतनीसाने वहीत लिहायचं. हेच थर्डमध्ये. पाच-सहा वेळा करा, एकदा करून ठरवू नका.

वहीत जे येईल ते साधारण असं वाचायचं:

- स्थिर चालवताना, दाबताना, पाय काढल्यावर, सगळीकडे एकाच बाजूला: टायर, अलाइनमेंट किंवा चिकटलेला ब्रेक.
- दाबली की एकीकडे आणि सोडली की दुसरीकडे: काहीतरी सैल आहे आणि जोराच्या दिशेप्रमाणे पुढे-मागे सरकतंय. बुश (जोडणीतलं रबर), सबफ्रेमचे (पुढच्या चाकांची जोडणी जिच्यावर बसते त्या खालच्या फ्रेमचे) बोल्ट, नाहीतर मागचा एक्सल. माझं हेच होतं आणि मी सहा महिने सगळ्यांना फक्त "उजवीकडे ओढते" एवढंच सांगत राहिलो. सोडल्यावर डावीकडे जाते हे सांगितलं असतं तर कदाचित पहिल्याच मिस्त्रीला कळलं असतं.
- फक्त पूर्ण दाबल्यावर, खालच्या गिअरात, कायम एकाच बाजूला, आणि सोडल्यावर गुपचूप सरळ: इंजिनचं फाउंडेशन (ते ज्या रबरांवर बसतं ते), ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा), नाहीतर गाडीचा जन्मजात स्वभाव. तो नवव्या मुद्द्यात.
- कधी डावीकडे कधी उजवीकडे: टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), रॅकचं माउंटिंग, नाहीतर रस्ता.
- फक्त ब्रेकला: कॅलिपर (ब्रेक आवळणारा भाग), ब्रेकची नळी. हा वेगळा विषय आहे आणि लगेच बघायचा.

३. ब्रेक चिकटलाय का

पाच मिनिटांचं काम. दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबवा, आणि हात जवळ नेऊन (लावून नाही, भाजेल) दोन्ही पुढच्या चाकांची धग बघा. एक गरम आणि एक कोमट असेल तर गरमवाल्याचा कॅलिपर नाहीतर त्याची स्लाइड पिन अडकली आहे. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती का? मग हे आधी बघा, आपल्याकडच्या पावसात पिना गंजतात.

४. हँडब्रेक टेस्ट, म्हणजे खरी गंमत

थोडं समजून घ्या म्हणजे करताना मजा येईल. पुढच्या चाकाला खालून एक आडवा हात धरून ठेवतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीला दोन ठिकाणी रबरी बुशने जोडलेला असतो. बहुतेक गाड्यांत मागचा बुश मोठा असतो आणि चाक पुढे-मागे जाऊ न देण्याचं काम मुख्यतः त्याचं. रेस दिली की पुढची चाकं गाडीला ओढत पुढे धावतात, ब्रेक मारला की मागे ढकलली जातात. बुशचं रबर फाटलं की चाक खरंच पुढे सरकतं, पण स्टिअरिंगचा टाय रॉड जागेवरच असतो, म्हणून चाक सरकता सरकता थोडं वळतं. दोन्हीकडचे बुश सारखे फाटले तर गाडी नुसती डुलते. एकाच बाजूचा फाटला की एकच चाक वळतं आणि गाडी ओढते.

आता टेस्ट. मोकळी सपाट जागा, पुढे-मागे पंधरा-वीस फुटांत कोणी नको, पोरंटोरं लांब. मागच्या चाकांना ठोकळे, टेस्ट पहिल्या गिअरात असेल तर चाकाच्या पुढून आणि रिव्हर्समध्ये असेल तर मागून. हँडब्रेक पूर्ण वर. मदतनीस आत. तुम्ही गाडीच्या बाजूला, चाकापासून चार-पाच फूट लांब, कधीच समोर नाही. टायरच्या मधोमध आणि बरोबर वर मडगार्डच्या कडेला खडूने एकेक रेघ मारा, मोबाइलचा व्हिडिओ चालू करा.

मदतनीसाने पायाचा ब्रेक दाबायचा नाही. हे विसरू नका, इथंच लोक चुकतात. पायाच्या ब्रेकने पुढची चाकंही धरली जातात, इंजिनचा जोर चाकातल्या चाकात अडकतो आणि बुशपर्यंत येतच नाही. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो (बहुतेक गाड्यांत), म्हणून पुढची चाकं जमीन रेटतात आणि बुशवर खरा ताण येतो. पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडायचा, गाडी नाक वर करायला लागली की दोन सेकंद थांबून परत दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तसंच. जास्त वेळ नको, क्लच जळेल आणि मग शिव्या मला बसतील.

मी तो व्हिडिओ अजून ठेवलाय. डाव्या चाकाची रेघ जेमतेम हलली, रबर आहे म्हटल्यावर दोन-चार मिलिमीटर हलणारच. उजव्याची रेघ पहिल्या गिअरात बोटभर पुढे गेली, रिव्हर्सला बोटभर मागे, आणि मागे येताना आतून "टक्" असा आवाज, उखळात मुसळ हलकं आपटावं तसा. मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसता टॉर्च खाली धरला. बुशच्या काळ्या रबरात गोल चीर गेली होती आणि मधली लोखंडी नळी रबर सोडून मोकळी लटकत होती. गाडी लिफ्टवर असताना ती चीर बंद होऊन बसते, म्हणून तीन ठिकाणी कुणाला दिसली नव्हती. टॉमी घालून रेटलं असतं तर दिसली असती, पण रेटलंच नाही कोणी.

ऑटोमॅटिक गाडी आणि बटणवाला पार्किंग ब्रेक असेल तर ही टेस्ट घरी करू नका, बऱ्याच गाड्यांत गिअर टाकून रेस दिली की तो ब्रेक आपोआप सुटतो. तिथं गाडी घोड्यांवर घेऊन टॉमीने दोन्ही बाजूचे बुश रेटून तुलना करायला सांगा. शेजारी उभं राहून बघा, मागे चहाला जाऊ नका.

५. फाउंडेशन आणि शाफ्ट

इंजिन ज्या रबरांवर बसतं त्याला आपल्याकडे फाउंडेशन म्हणतात. इथं बॉनेट उघडून बाजूला उभं राहायचं आणि इथं पायाचा ब्रेक चालतो. क्लच थोडा सोडला की इंजिन मागे झुकतं, रिव्हर्सला पुढे. थोडं झुकणं ठीक. उडी मारल्यासारखं हललं, धप्प आवाज आला, तर खालचं किंवा बाजूचं फाउंडेशन गेलं. इंजिन हललं की गिअरबॉक्स हलतो, गिअरबॉक्स हलला की दोन्ही शाफ्टचे कोन बदलतात, आणि कोन वेगवेगळे झाले की स्टिअरिंगला हिसका. बदलायची वेळ आली तर फाउंडेशन कंपनीचंच घ्या. बाजारातलं स्वस्त रबर एकतर इतकं कडक असतं की डॅशबोर्ड वाजतो नाहीतर वर्षभरात बसतं.

शाफ्टचं सांगायचं तर दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. फाटलेला बूट, रिमच्या आत उडालेलं ग्रीस, पूर्ण वळवून चालवताना कट-कट आवाज: बाहेरचा जॉइंट. सरळ दाबताना गाडी थरथरते आणि सोडली की थांबते: आतला जॉइंट. लांब शाफ्टला काही गाड्यांत मधे बेअरिंगचा आधार असतो, तो ढिला झाला की सगळंच बिनसतं. टाय रॉड, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग यासाठी चाक घोडीवर असताना आधी तीन-नऊ आणि मग बारा-सहाच्या जागी धरून हलवा. खडखड आली की मिस्त्रीला दाखवा, त्यात फार डोकं लावू नका.

सबफ्रेमचे बोल्ट मात्र जरूर बघायला सांगा, विशेष करून आधी क्लचचं काम झालं असेल तर. क्लचसाठी सबफ्रेम खाली घेतात आणि परत बसवताना पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी घाईत कोणी बघत नाही. बोल्टच्या वॉशरभोवती चमकणारी ताजी घासलेली कडा दिसली की समजा सरकतेय.

६. बुश बदलताना एक गोष्ट मिस्त्रीला सांगा

लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत परत फाटतं. सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतं, समोरचा तीस वर्षं हेच करतोय. मी "मामा, एकदा खाली घेऊन टाइट करूया का" एवढंच म्हटलं, ते हसले आणि म्हणाले वाचून आलाय जणू. पण केलं.

दोन्ही बाजूचे एकदम बदला. एकच बदलला की तोच खेळ उलट्या बाजूने सुरू. मला दोन बुश आणि मजुरी मिळून जे लागलं ते मी उगाच घेतलेल्या एका टायरपेक्षा कमी होतं. जुना बुश मागून घ्या, बघायला आणि काम खरंच झालं हे कळायलाही.

७. आता अलाइनमेंट

आता करा, आणि आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट मागा. "सेट झालं साहेब" हे चालणार नाही. प्रिंटवर तीन गोष्टी.

टो: वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं आत की बाहेर. पुढचा टो बिघडला तर गाडी ओढण्यापेक्षा टायर खाते आणि स्टिअरिंग वाकडं बसतं. हाच एक आकडा बहुतेक गाड्यांत सरळ फिरवून सेट होतो.

कॅम्बर: चाक वरून आत की बाहेर झुकलंय. ज्या बाजूचं चाक जास्त बाहेर झुकलेलं, तिकडे गाडी जाते.

कॅस्टर: स्टिअरिंगची रेषा मागे किती झुकली आहे. ज्या बाजूचं कॅस्टर कमी, तिकडे गाडी जाते. डाव्या-उजव्यात साधारण अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर थांबा आणि विचारा का.

कारण बऱ्याच गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर फिरवायला कंपनीने बोल्टच दिलेला नसतो. आकडा चुकला म्हणजे काहीतरी वाकलंय, सरकलंय किंवा फाटलंय. अशा वेळी काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून गाडीवरच कॅम्बर "बेंड" करून देतात. आकडा हिरवा होतो. वाकलेला भाग तसाच राहतो आणि वर अजून एक वाकवलेला होतो. सरळ नको म्हणा आणि गाडी काढून घ्या, त्यांनी तोंड वाकडं केलं तरी. मागच्या चाकांचे आकडेही बघा, मागचा टो वाकडा असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पुढे कितीही सेट करा उपयोग नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो का ते विचारा, काही गाड्यांत तेवढ्यावरून गाडी एका बाजूला बोट धरल्यासारखी ओढत राहते.

८. गाडी मागच्या चाकांवर चालते?

बोलेरो, पिकअप, जुन्या जीपसारख्या गाड्या. इथं स्टिअरिंगमध्ये हिसका येत नाही, अख्खी गाडी मागून तिरकी होते, बुडाखालून सतरंजी ओढल्यासारखं वाटतं. मागे पाटे असतील तर यू बोल्ट, पाट्याचे बुश आणि मधला सेंटर बोल्ट. सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूने पुढे सरकतो. मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत, स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. स्प्रिंगवाल्या असतील तर मागच्या लांब आर्मचे बुश. हँडब्रेक टेस्ट इथं उपयोगाची नाही, कारण हँडब्रेक आणि इंजिन एकाच चाकांवर भांडतात. टॉमीने रेटूनच बघायचं.

९. सगळं नवं केलं तरी थोडी ओढतेच

मग तो टॉर्क स्टिअर, आणि तो दोष नाही. इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी ठेवायची पद्धत इटलीत फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आणली आणि पुढे जगभर तीच चालली. गिअरबॉक्स एका बाजूला गेला म्हणून एक शाफ्ट आखूड आणि एक लांब. जोर आला की लांब शाफ्ट जास्त पिळला जातो, दोघांचे कोनही वेगळे, म्हणून दोन्ही चाकं स्टिअरिंगला सारखं खेचत नाहीत. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली तीही आडव्या इंजिनाची, पण तिची ताकद चाळीस घोड्यांच्या आतली, हिसका मारणार कुठून. आताच्या डिझेलला तीनशे-चारशे न्यूटन मीटर, आणि पहिल्या गिअरात तो चाकापर्यंत जाताना बारा-पंधरा पट होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना तर टर्बोची वाटही बघावी लागत नाही, पाय ठेवला की टॉर्क. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये ३०५ घोडे पुढच्या चाकांवर टाकले तेव्हा त्यासाठी रेव्होनकल नावाची वेगळी पुढची जोडणी आणि एकच चाक फुकट फिरू न देणारा (लिमिटेड स्लिप) डिफरन्शियल द्यावा लागला होता. आपल्या गाड्यांत एवढा खर्च कोण करणार, लांब बाजूला मधे आधाराचा जोडशाफ्ट देऊन दोन्ही शाफ्ट सारखे करतात, तेही सगळ्याच नाही.

जन्मजात आहे की बिघाड, हे ओळखायला त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघा. सातारा-कराडात कोणाकडे ना कोणाकडे असतेच. ती पण तेवढीच ओढत असेल तर गप्प बसा. तुमची जास्त ओढत असेल तर वरचं काहीतरी सुटलंय. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) केला असेल तर तुलनाच नको, आधी मूळ मॅप परत टाका आणि मग बोला.

जगायचं कसं तर सोपं आहे. वळण सुटून चाकं सरळ झाल्याशिवाय पूर्ण दाबायची नाही. दोन्ही हात. ओव्हरटेकला सेकंडऐवजी थर्डमध्ये, टर्बो आधीच लागलेला असताना, म्हणजे धक्का एकदम येत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायची हौस नको.

बुश बदलल्यावर हजार किलोमीटरने मी परत खडूच्या रेघा मारून व्हिडिओ काढला, दोन्ही बाजू सारख्या. खंबाटकीत अजूनही स्टिअरिंग हाताला हलकं कुरवाळल्यासारखं करतं, पण पाय काढल्यावर उलटीकडे जात नाही. धाकटा भाऊ गाडी नेतो तेव्हा चावी देताना त्याला एवढंच सांगतो, पावसात सेकंडला दाबू नको, आणि पंक्चरवाल्याला चाळीस हवा मारू देऊ नको.